नडगीतला कोंडमारा

१९१२ सालच्या जानेवारीच्या अखेरीस अंटार्क्टिकाच्या पठारावरून पाच ब्रिटिश एक घसरगाडी ओढत परत निघाले होते. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे तीन हजार मीटर, थंडी उणे तीसच्या आसपास. १७ जानेवारीला ते दक्षिण ध्रुवावर पोचले, तेव्हा नॉर्वेच्या आमुंडसेनला तिथे येऊन पाच आठवडे होत आले होते. आता जिद्दीचा प्रश्न संपला होता, उरले होते फक्त अंतर. रोज पंधरा-वीस मैल गाडी ओढायची, तंबू ठोकायचा, अपुरे जेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीला जुंपून घ्यायचे.

कॅप्टन स्कॉटच्या या तुकडीचा डॉक्टर होता एडवर्ड विल्सन. वय एकोणचाळीस. वैद्यकीबरोबर पक्ष्यांचा अभ्यास आणि चित्रकला हे त्याचे आयुष्यभराचे नाद. बर्फातही तो जलरंगांसाठी पेन्सिलीची टिपणे करी, त्यापायी डोळे सुजवून घेई, आणि दैनंदिनी लिहायला कधी चुकत नसे. ३० जानेवारीच्या नोंदीत त्याने स्वतःच्याच पायाची तपासणी करून ठेवली आहे. डाव्या नडगीच्या पुढचा स्नायू दिवसभर असह्य दुखत होता. तो सुजून घट्ट झाला होता, वरची कातडी लाल झाली होती आणि तिच्यात पाणी साठले होते. डॉक्टर असल्यामुळे त्याने त्या स्नायूचे नावही नोंदवले. त्याच दिवशी स्कॉटनेही आपल्या दैनंदिनीत विल्सनच्या पायाबद्दल लिहिले. विल्सनने आपल्या स्की काढून तुकडीतल्या बॉवर्सला दिल्या आणि स्वतः गाडीच्या कडेने लंगडत चालू लागला. ओझे कमी करायला स्कॉटच्या हुकमावरून बॉवर्सने आपल्या स्की डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी वाटेतच ठेवल्या होत्या, आणि तेव्हापासून तो आखूड पायांचा माणूस ध्रुवापर्यंत जाऊन चालतच परत येत होता.

पुढच्या काही दिवसांत विल्सनचा पाय बराच सुधारला. ८ फेब्रुवारीला बिअर्डमोर हिमनदीच्या माथ्याशी, माउंट बकलीच्या पायथ्याला, तो खडक गोळा करत हिंडत होता. त्या भागातून घेतलेले पस्तीस पौंड दगड या मरणोन्मुख माणसांनी शेवटपर्यंत गाडीवरून टाकले नाहीत. त्यांत ग्लोसॉप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे ठसे होते. नागपूर-चंद्रपूरकडच्या कोळशाच्या थरांत सापडतात तीच ही पाने. ज्या प्राचीन महाखंडावर ती उगवत, त्याला आपल्याच मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून गोंडवन हे नाव मिळाले. हा उल्लेख विषय सोडून झाला खरा, पण विदर्भातल्या वाचकाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. नोव्हेंबर १९१२ मध्ये शोधपथकाला तंबू सापडला, तेव्हा आत स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स यांचे देह होते, आणि दगडही होते.

विल्सनच्या पायाचे प्रकरण मग चाळीस वर्षे कुणी उघडले नाही. १९५४ साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनच्या कार्यवृत्तात फ्रीडमन यांचा विल्सनच्या चरित्रावर आणि अखेरच्या आजारावर लेख आला. त्यांनी त्या नोंदी नव्याने वाचल्या आणि सांगितले की हा साधा मुरगळलेला पाय नव्हता. अतिश्रमाने नडगीच्या पुढच्या कप्प्यातला स्नायू फुगला होता, आणि आपल्याच आवरणात कोंडला गेला होता. तेव्हापासून व्यायामाने होणाऱ्या पायदुखीवरच्या कितीतरी वैद्यकीय लेखांची सुरुवात विल्सनपासून होते. पहिला नोंदलेला रुग्ण तो, असे सांगितले जाते.

मला हे थोडे ओढूनताणून वाटते. आज ज्या दुखण्यासाठी धावपटू शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातात, त्याची खूण अशी की ते थांबताच थांबते. ठरावीक अंतर धावले की नडगी भरून येते, दगडासारखी होते, पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात, पाऊल नीट उचलले जात नाही. बसून राहिले की दहा-वीस मिनिटांत सगळे जागेवर. विल्सनची सूज मात्र रात्री तंबूतही तशीच होती. त्याचे दुखणे या आजाराच्या तीव्र आणि जुनाट या दोन रूपांच्या मध्ये कुठेतरी बसते. तरीही इतिहासाने त्याला पहिला मान दिला, त्यामागचे कारण मला समजते. पुढच्या सगळ्या रुग्णांची अडचण एकच होती, आपले दुखणे कुणाला दाखवावे कसे. डॉक्टरच्या दारात पोचेपर्यंत पाय चांगला झालेला असे. विल्सन हा एकमेव रुग्ण, ज्याचा डॉक्टर त्याच्याबरोबर गाडी ओढत होता.

गुडघ्याखालचा पाय वरून अखंड दिसतो, पण आत चार कप्पे असतात. नडगीच्या पुढचा एक, बाहेरच्या कडेचा एक, पोटरीत वरवरचा एक आणि त्याच्याखाली खोलवरचा एक. बहुतेक कप्प्यांना एका बाजूने हाड आणि इतर बाजूंनी चिवट, पांढुरके, न ताणणारे आवरण. डॉक्टर त्याला फॅशिया म्हणतात. व्यायामाच्या वेळी स्नायूत रक्त भरते आणि त्याचा आकार वीस टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. आवरण सैल असेल तर काही बिघडत नाही. ते घट्ट असेल तर जास्त कापूस कोंबलेल्या गादीच्या खोळीसारखी गत होते. आतला दाब चढतो, सूक्ष्म रक्तवाहिन्या दबतात, आणि ऐन गरजेच्या वेळी स्नायूला रक्त कमी पडते.

दाबाने स्नायू मरतो हे डॉक्टरांना विल्सनच्या आधीच माहीत होते, पण ते हाताच्या बाबतीत. जर्मनीतल्या हाले शहरातले शल्यविशारद रिखार्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये दाखवले की मोडलेल्या हाताला घट्ट पट्ट्या बांधल्या, तर पुढे बोटे आकसून वाकडी होतात. त्याचे कारण नस मरणे हे नव्हे. रक्त न मिळाल्याने स्नायूच मरतो. हा कठोर निरीक्षणाचा माणूस रिखार्ड लेआंडर या टोपणनावाने मुलांसाठी परीकथाही लिहीत असे. १८७०-७१ च्या फ्रान्सवरील युद्धात सैन्याबरोबर असताना त्याने त्या लिहिल्या, आणि जर्मन घराघरांत त्या पिढ्यान् पिढ्या वाचल्या गेल्या.

पायाची पाळी आली दुसऱ्या महायुद्धात. लांबलचक कवायती आणि मजला यांनंतर काही तरुण सैनिकांची नडगी सुजायची, दुखणे रात्रभर वाढत जायचे, आणि आठवड्याभराने पाहावे तर पाऊल लटके पडलेले. १९४३ मध्ये व्होग्ट यांनी आणि १९४५ मध्ये हॉर्न यांनी अशा रुग्णांची वर्णने छापली. हाड मोडले नव्हते, गोळी लागली नव्हती, माणूस नुसता चालला होता, आणि त्याच्या पायातला स्नायू मेला होता. त्या काळी या प्रकाराला मार्च गँगरीन असे भीतीदायक नाव मिळाले. यातून एक धडा पक्का झाला: वेळेत आवरण उभे चिरून दाब मोकळा केला, तर पाय वाचतो. ही तातडीची शस्त्रक्रिया होती. चीर मोठी असायची, जखम पुष्कळदा काही दिवस उघडीच ठेवायची, आणि व्रणाची पर्वा कुणी करत नसे, कारण पणाला पाय लागलेला असायचा.

तातडी नसताना हीच चीर द्यावी, हे धाडस १९५६ चे. ब्रिटनमध्ये मॅव्हर यांच्याकडे एक व्यावसायिक फुटबॉलपटू आला होता. खेळताना त्याच्या दोन्ही नडग्या दुखत आणि थांबला की दुखणे जाई. त्याला गँगरीन होणार नव्हते. त्याचा जीव धोक्यात नव्हता, की पायही. धोक्यात होता तो त्याचा खेळ. मॅव्हर यांनी आवरण मोकळे केले आणि दुखणे थांबले. व्यायामाने होणाऱ्या जुनाट कप्पा-दाबाची यशस्वी शस्त्रक्रिया म्हणून याच रुग्णाचा दाखला पुढे दिला जाऊ लागला. इथून विषयाचा रोखच बदलला. आता आजारी नसलेल्या, उलट जास्तच धडधाकट असलेल्या माणसाच्या अंगावर सुरी चालणार होती, आणि तीही केवळ त्याला आणखी दोन मैल पळता यावे म्हणून.

अशा माणसावर सुरी चालवायची तर पुरावा हवा. क्ष-किरणात काही दिसत नाही, नाडी चांगली लागते, दाबून पाहिले तरी दुखत नाही. मैदानावर या तक्रारीला सरसकट 'शिन स्प्लिंट्स' म्हणत. नडगीत दुखले की हेच नाव, मग दुखणे हाडावरच्या पापुद्र्याचे असो, केसाएवढ्या भेगेचे असो की कप्प्याचे. १९६६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने खेळातल्या दुखापतींची नावे ठरवली, तेव्हा या नावातून हाडाची भेग आणि रक्तपुरवठ्याचे विकार वगळले. कागदावर गोंधळ मिटला. मैदानावर तो अजून आहे. आपल्याकडे पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर पळणारी मुले नडगी धरून बसतात. त्यांतल्या बहुतेकांचे दुखणे हाडाच्या पापुद्र्याचे असते. ते नडगीच्या आतल्या कडेला बोटाने दाबले की जागचे जागी सापडते, आणि त्याला सुरी लागत नाही. कप्प्याचे दुखणे असे बोटाने सापडत नाही.

ते सापडायचे तर आत जाऊन दाब मोजायला हवा होता. ब्रिटनमध्ये फ्रेंच आणि प्राइस यांनी १९६२ मध्ये व्यायामानंतर नडगीत सुई घालून दाब मोजला. अशा रुग्णांत तो जास्त चढतो आणि उतरायला जास्त वेळ घेतो, असे त्यांना आढळले. सहा वर्षांनी नेदरलँड्समध्ये रेनेमन यांनी या विषयावर प्रबंधच लिहिला. पण जाड सुई अडकायची, तिच्या तोंडाशी स्नायू येऊन बसायचा आणि आकडा चुकायचा. यावरचा उपाय एका अगदी अनपेक्षित दिशेने आला.

कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत पेर शोलँडर नावाचे शास्त्रज्ञ होते. जन्म स्वीडनचा, वाढ नॉर्वेतली. खारफुटीची झाडे खारट पाण्यातून गोडे पाणी वर कसे ओढतात, या कोड्यामागे ते लागले होते. उंच वृक्षांच्या शेंड्याच्या फांद्यांतला रस किती ताणाखाली आहे हे मोजायला त्यांनी दुर्बीण लावलेल्या बंदुकीने त्या फांद्या पाडल्या होत्या, यावरून गृहस्थांचा स्वभाव कळावा. झाडांनंतर ते प्राण्यांकडे वळले. ऊतकांमधल्या पाण्याचा दाब मोजायला त्यांनी एक वातीसारखी नळी वापरली. नळीच्या तोंडाशी तंतू ठेवायचे, म्हणजे तोंड बुजत नाही आणि पाण्याशी संपर्क तुटत नाही. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या ॲलन हार्जेन्स यांनी सॅन दिएगोच्या मुबारक वगैरे अस्थिशल्यविशारदांबरोबर हीच युक्ती माणसाच्या पायाकडे वळवली. विरघळणाऱ्या टाक्याच्या धाग्याचे तंतू नळीच्या टोकाला लावले आणि १९७६ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. त्याच्या आदल्याच वर्षी सिएटलच्या मॅट्सन यांनी मांडले होते की कप्प्याच्या सगळ्या आजारांचे मूळ एकच: बंद जागेत वाढलेला दाब. कल्पना आणि मोजपट्टी अशी वर्षभराच्या अंतराने हाती आली.

हार्जेन्स यांची पुढची कथा मला फार आवडते. १९८७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह जिराफाच्या पायांचा अभ्यास 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केला. इतक्या उंच प्राण्याच्या पायांत रक्ताचा प्रचंड दाब असूनही सूज का येत नाही? कारण त्याच्या पायाची कातडी आणि आवरण कमालीचे घट्ट असते. लढाऊ वैमानिकाच्या दाबपोशाखासारखे ते पायाला आवळून धरते. धावपटूची जी व्यथा, तीच जिराफाची सोय.

या सगळ्या मोजमापाला गिऱ्हाईक मिळाले ते सत्तरच्या दशकात. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये फ्रँक शॉर्टरने मॅरेथॉन जिंकली आणि अमेरिकेत धावण्याची लाट आली. त्याच सुमारास मेरी डेकर नावाची एक चिमुरडी मुलगी मोठमोठ्या बायकांना मागे टाकत होती. चौदाव्या वर्षी, १९७३ मध्ये, तिने मिन्स्कमध्ये सोव्हिएत धावपटूंविरुद्ध आठशे मीटर जिंकली. पुढे तिची शर्यत नडगीशी सुरू झाली. दुखणे येई, थांबले की जाई, परत येई. १९७६ चे ऑलिंपिक तिच्या हातून गेले. डॉक्टरांनी नाना उपाय केले. तिची भेट झाली न्यूझीलंडच्या डिक क्वॅक्सशी. याच क्वॅक्सने १९७६ मध्ये मॉन्ट्रियलला पाच हजार मीटरचे रौप्यपदक जिंकले होते, आणि पुढच्या वर्षी त्याच अंतराचा जागतिक विक्रम केला. त्याने स्वतः हे दुखणे काढले होते आणि त्यावर शस्त्रक्रियाही करून घेतली होती. तिचे वर्णन ऐकून त्याने दुखण्याचे नाव सांगितले. जे दवाखान्यात जुळत नव्हते ते दुसऱ्या धावपटूला लगेच जुळले, यात मला फारसे नवल वाटत नाही. आवरण मोकळे करण्याची शस्त्रक्रिया तिला एकदा करून भागली नाही, दुसऱ्यांदाही टेबलावर जावे लागले. १९८३ मध्ये हेलसिंकीच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत तिने पंधराशे आणि तीन हजार मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या. दोन्ही नडग्यांवर व्रण होते.

व्रणांचा प्रश्न नंतर महत्त्वाचा ठरला. १९७७ मध्ये मुबारक आणि ओवेन यांनी दोन चिरांतून चारही कप्पे मोकळे करण्याची पद्धत मांडली. अपघातातल्या पायासाठी ती आजही वापरतात. धावपटूसाठी मात्र लांब चीर म्हणजे लांब विश्रांती, कातडीला चिकटलेला स्नायू आणि आयुष्यभराची खूण. त्यातून आवरणाच्या कडा व्रणाने पुन्हा जुळून येण्याची भीती होतीच. विस्कॉन्सिनच्या डेटमर यांनी १९८५ मध्ये आपल्या रुग्णांचा अनुभव मांडला: लहान चीर, जागेपुरती भूल आणि त्याच दिवशी घरी. दवाखान्यातून संध्याकाळी चालत बाहेर पडणारा रुग्ण हे त्या काळात मोठेच चित्र होते. कॅनडातल्या रोराबेक आणि सहकाऱ्यांनीही त्याच सुमारास धावपटूंवरच्या शस्त्रक्रियांचे अहवाल दिले. त्यांतून एक गोष्ट वारंवार पुढे येत होती. पुढचा आणि बाहेरचा कप्पा चांगला साथ देतो, पोटरीतला खोल कप्पा तितका देत नाही.

निदानाचे आकडे ठरले १९९० मध्ये. पेडोविट्झ, हार्जेन्स आणि सहकाऱ्यांनी तीन उंबरठे घातले. विश्रांतीत पंधरा मिलिमीटर पारा किंवा जास्त, व्यायाम थांबल्यावर एका मिनिटाने तीस किंवा जास्त, पाच मिनिटांनी वीस किंवा जास्त. यातला एकही ओलांडला तर निदान पक्के. हे निकष सुटसुटीत होते, लक्षात राहणारे होते, आणि जगभर पसरले. आता खेळाडूचे म्हणणे खरे की खोटे हे आकडा सांगू लागला. त्यात जशी मुक्ती होती, तसा धोकाही होता. त्याकडे पुढे येऊ.

चीर लहान करायची तर आतले न पाहता कापावे लागते, आणि इथे एक नस वाट अडवून बसली आहे. नडगीच्या बाहेरच्या कप्प्यातून येणारी आणि पावलाच्या वरच्या बाजूला संवेदना देणारी नस घोट्याच्या वर साधारण दहा-बारा सेंटिमीटरवर आवरण भेदून कातडीखाली येते. सगळ्यांत एकाच जागी येत नाही, काहींत तर आधीच दोन फाटे फुटलेले असतात. दोन छोट्या छिद्रांतून लांब कात्री सरकवत नेली की ती नेमकी या नसेच्या वाटेवरून जाते. नस कापली तर दुखणे जाते आणि पाऊल बधिर होते. जुन्या लांब चिरेचा एक मोठा गुण असा, की ती कुरूप असली तरी आंधळी नव्हती.

म्हणून दुर्बीण आली. पोटातल्या आणि गुडघ्यातल्या शस्त्रक्रियांत ती केव्हाच रुळली होती, पण तिथे आयती पोकळी असते. नडगीच्या कातडीखाली पोकळी नसते, ती करावी लागते. जपानमधल्या ओकायामाच्या ओता आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दुर्बिणीने आवरण चिरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्याच लेखात त्यांनी सुई न टोचता, कातडीवरून अवरक्त प्रकाश पाठवून स्नायूतला प्राणवायू पाहण्याची युक्तीही मांडली. दोन्ही कल्पनांमागे एकच हट्ट दिसतो: धडधाकट माणसाला शक्य तितके कमी टोचावे. २००२ मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या मंडळींनी मृतदेहांच्या पायांवर दाखवले की दुर्बिणीच्या मदतीने कप्पे पुरेसे मोकळे होतात. पुढच्या वर्षी हचिन्सन आणि सहकाऱ्यांनी मृतदेहांवरच कुठल्या नसा आणि शिरा सुरीच्या वाटेत येतात हे मांडले. २०१० मध्ये अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठातल्या विट्स्टीन आणि सहकाऱ्यांनी पोकळीचा प्रश्न एका फुग्याने सोडवला. कातडीखालची चरबी आणि आवरण यांच्यामध्ये फुगा सरकवायचा, फुगवायचा, जागा झाली की काढून घ्यायचा आणि दुर्बीण आत. पडद्यावर पांढरे आवरण पसरलेले दिसते, नस दिसते, आणि तिला बाजूला ठेवून कात्री चालते. चीर उरते ती टोकांशी एक-दोन बोटांची.

नेदरलँड्सच्या लष्करी डॉक्टरांनी वेगळी वाट धरली. डी फाइटर, स्खेल्टिंगा आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सैनिकांवरच्या त्यांच्या पद्धतीचे निकाल छापले. एक छोटी चीर आणि खास याच कामासाठी बनवलेले एक हत्यार, जे आवरणाच्या कडेवर बसते आणि पुढे ढकलले की त्याला उभे फाडत जाते. दुर्बीण नाही, फुगा नाही, वेळ कमी. लष्कराला हेच हवे असते. त्यानंतर अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी त्याहून पुढे जाऊन २०१७ मध्ये मृतदेहांवर दाखवले की सोनोग्राफीच्या पडद्यावर नस डोळ्यांसमोर ठेवून आवरण चिरता येते. तिथे चीर म्हणण्यासारखे फारसे उरतच नाही. पाऊण शतकात हातभराच्या जखमेपासून टाका घालावा की नाही इतक्या छिद्रापर्यंत हा प्रवास झाला, आणि हत्यारे बनवणाऱ्यांचे कौशल्य वाखाणावे तितके थोडे.

पण सुरी ज्या वेगाने लहान झाली त्या वेगाने निदान पक्के झाले नाही. माझ्या मते या इतिहासातली खरी गोष्ट हीच आहे. २०१३ मध्ये वॉटरमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन लष्करातल्या ६११ रुग्णांच्या ७५४ शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. जवळजवळ पंचेचाळीस टक्के जणांना लक्षणे परत आली. अठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास लोक पूर्ण हालचालीवर परतू शकले नाहीत. सतरा टक्क्यांना याच आजारापायी सेवेतून मुक्त करण्यासाठी पुढे पाठवले गेले. छोट्या गटांच्या चकचकीत अहवालांपुढे हे आकडे फार उदास वाटतात. सैनिकाची स्थिती वेगळी असते हे मान्य. त्याला विश्रांती आपल्या मर्जीने घेता येत नाही, आणि त्याचे बूट, ओझे, वेग सगळे दुसरा ठरवतो. तरी एवढ्या लोकांत काही जणांची चीर मुळातच चुकीच्या दुखण्यावर पडली असेल, ही शंका झटकता येत नाही.

ती शंका घट्ट करणारे काम आदल्याच वर्षी झाले होते, आणि तेही लष्करातच. वेस्ट पॉइंटच्या अकादमीत डायबल आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेची शिफारस झालेले दहा जण घेतले. त्यांना सहा आठवडे धावायला शिकवले, एवढेच. टाच आधी टेकायची सवय मोडून पावलाच्या पुढच्या भागावर उतरायचे. टाच आपटली की पाऊल आदळू नये म्हणून नडगीच्या पुढच्या स्नायूला दर पावलाला लगाम ओढावा लागतो. टाचेवर उतरणे गेले की तो लगामही सैलावतो. धावल्यानंतरचा दाब साधारण निम्म्यावर आला, आणि वर्षभरानंतर दहांपैकी एकाचीही शस्त्रक्रिया झालेली नव्हती. दहा जण म्हणजे फार नव्हेत, आणि टाचेवरून पंजावर गेलेले ओझे पुढे पोटरीला आणि टाचेच्या कंडरेला उचलावे लागते हेही खरे. तरी न चिरता दाब उतरतो हे दिसले. पाठोपाठ स्ट्रासबर्गच्या डॉक्टरांनी सोळा रुग्णांच्या स्नायूत बोटॉक्सची सुई दिली आणि पंधरा जणांचे व्यायामाचे दुखणे गेल्याचे सांगितले. स्नायू थोडा दुबळा पडतो, ही त्याची किंमत.

आणि मग आकड्याचाच प्रश्न आला. ब्रिटनमधल्या रॉबर्ट्स आणि फ्रँकलिन-मिलर यांनी २०१२ मध्ये आधीचे सगळे अभ्यास एकत्र वाचले, तेव्हा निदानाच्या निकषांचा पाया कच्चा निघाला. ज्यांना काहीच दुखत नाही अशा निरोगी माणसांचे दाबही पुष्कळदा उंबरठ्याच्या वर जात होते. १९९० चे निकष मुख्यतः व्यायाम संपल्यानंतरच्या दाबावर उभे होते, आणि तो आकडा नळी कुठली, पाऊल कोणत्या कोनात धरले, किती वेळ गेला यावर हलायचा. २०१५ मध्ये ब्रिटिश लष्करी डॉक्टरांनी, रॉस्को आणि सहकाऱ्यांनी, दुखणारे आणि न दुखणारे असे दोन गट घेतले आणि दोघांचाही दाब ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालत असतानाच मोजला. दुखणाऱ्यांचा दाब खरोखरच जास्त निघाला, म्हणजे आजार काल्पनिक नाही हे ठरले. पण त्यांनी सुचवलेला उंबरठा होता १०५ मिलिमीटर, आणि तो व्यायाम चालू असतानाचा. तीस आणि वीसच्या जुन्या हिशेबाशी त्याचा काही मेळ बसत नाही.

तरीही बहुतेक ठिकाणी अजून पेडोविट्झचेच तीन आकडे चालतात. कारण तसे सरळ आहे. पट्ट्यावरून उतरलेल्या माणसाला खाटेवर निजवून त्याच्या नडगीत सुई घालायची आणि घड्याळाकडे पाहत एक मिनिट थांबायचे, हे कुठल्याही दवाखान्यात होते. धावत्या पायात नळी टिकवायला मात्र वेगळे सामान लागते, वेळ लागतो, आणि दुखत असतानाही पळत राहायला तयार असलेला रुग्ण लागतो.